पुढचे धाकट्या दारी

मित्रांनो, मला उघडताना बिजागरी कुरकुरते, तिकडे लक्ष देऊ नका. वय झाले की सगळ्यांचेच काही ना काही कुरकुरते. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा रंग एके काळी चंदेरी होता. आता तो कुठलाच राहिलेला नाही. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर आहेत, त्यांतली ‘क’ आणि ‘त’ ही दोन पार पुसली गेली आहेत. बॅटरी म्हणाल तर नावापुरती. वायर काढली की थोड्याच वेळात मी डोळे मिटतो. ‘हा चालतो का?’ असे कुणी विचारले, तर चालतो. पण ‘याच्यात काय आहे?’ असे विचाराल, तर काहीच नाही. माझे सगळे रडगाणे तेवढ्यासाठीच आहे.

माझा जन्म एका लांबच लांब खोलीत झाला. तिथले दिवे कधी विझत नसत. एकीने माझा पडदा बसवला, दुसरीने कळा लावल्या, तिसऱ्याने स्क्रू पिळले, आणि त्यांच्यातल्या एकानेही मला पुरते पाहिले नाही. तिथून मी एका विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. पहिल्या दिवशी सगळे मला बघायला जमले. ‘काय हलका आहे हो!’ म्हणत एकेकाने मला उचलून पाहिले. तेवढा एक दिवस मी हवेत होतो. पुढे एका कारकुनाच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षे गेली. ठोकलेल्या गाड्या, जळलेली दुकाने, बुडालेला माल, दुसरे काही मी पाहिलेच नाही. तो कारकून माझ्यावरच बिस्किटे खायचा. त्यांचा चुरा अजून माझ्या कळांखाली आहे. मग नवे लॅपटॉप आले, आणि शिपायाने मला काखोटीला मारून मागच्या खोलीत नेऊन टाकले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात, आणि त्या दुकानातून मी बाईंच्या घरी आलो. मला विकत आणले ते त्यांच्या धाकट्या मुलाने. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि छापायचा. कळांवरचे स्टिकर त्यानेच लावले, अगदी सरळ रेषेत. पाट्यावाल्याचा हात होता तो.

बाई म्हणजे कोण, ते सांगतो. एका मोठ्या बसस्थानकात ‘हरवले-सापडले’ अशी पाटी असलेली एक खिडकी होती. जाळीची खिडकी, आत लोखंडी मांडण्या, बाहेर समोर एक लाकडी बाक. बसमध्ये राहिलेली प्रत्येक वस्तू तिथे यायची, आणि बाईंनी नोकरीची सगळी वर्षे त्या जाळीमागे काढली. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, औषधांच्या पिशव्या, कुणाची कवळी. ‘माणूस स्वतःचे दात कसा विसरतो’, हा बाईंचा आवडता विनोद होता आणि तो त्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत.

त्या खिडकीची एक पद्धत होती. वस्तू आली की जाड कागदाची चिठ्ठी लिहायची आणि ती हाताने मधोमध फाडायची. एक अर्धी वस्तूला बांधायची, दुसरी खोक्यात टाकायची. मालक आला की त्याने सांगितलेल्या खुणा ऐकून खोक्यातली अर्धी शोधायची, मांडणीवर जायचे आणि दोन्ही अर्ध्या एकमेकींना लावून बघायच्या. फाटलेली कड जुळली की वस्तू त्याची. ‘आम्ही कात्री कधी वापरली नाही,’ बाई म्हणायच्या. ‘कात्रीने कापलेलं कशालाही जुळतं.’

निवृत्त झाल्यावर बाई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या. माझे टेबल खिडकीपाशी होते. माझ्या शेजारी एक लाल चौकडीचा थर्मास असायचा. खिडकीची नोकरी संपवून येताना बाईंनी आणलेली तेवढी एकच वस्तू. त्यात दुपारचा चहा भरून ठेवायचा आणि घोट घोट घेत बसायचे, हा त्यांचा नेम. थर्मास आणि मी, आम्ही दोघे सेकंडहँड, त्यामुळे आमचे पटले.

आता दुखण्याकडे येतो. बाईंना दोन मुले. थोरली मुलगी, औषधांच्या गोदामात हिशेब बघणारी, आणि हा धाकटा. दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद होते. वडिलांच्या आजारपणात थोरली म्हणाली, दवाखान्यात ठेवा. धाकटा म्हणाला, त्यांना घरी यायचंय, घरी न्या. या ओढाताणीत काही दिवस गेले, मग दवाखान्यात ठेवले, आणि वडील तिथेच गेले. तेव्हापासून धाकटा म्हणायचा, हिने बाबांना परक्या खाटेवर मरायला लावलं. थोरली म्हणायची, याने उशीर केला नसता तर वाचले असते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, म्हणून कुणीच माघार घेत नव्हते. बाईंकडे यायचे ते वेगवेगळ्या रविवारी. चुकून एकत्र आलेच, तर सगळे बोलणे बाईंच्या मार्फत.

असाच एक चुकलेला रविवार होता. बाई रिकामपणी वस्तूंच्या गोष्टी सांगायच्या, त्या दोघांनाही आवडायच्या. ‘आई, लिही की हे, ब्लॉग काढ,’ असे दोघांनीही आपापल्या रविवारी सुचवले होते. आता प्रश्न होता, काढायचा कुठे? मला उघडून टेबलावर ठेवले होते. थोरली खुर्चीत, धाकटा स्टुलावर, बाई मध्ये.

“आई, त्याला सांग,” थोरली म्हणाली, “फुकटच्या जागेत संसार मांडू नये माणसाने. इंटरनेटवर आपल्या नावाची जागा घ्यायची. वर्षाचं जे काही भाडं असेल ते मी बघते. साधी दिसेल, पण आपली असेल.”

धाकटा भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला, “आई, तिला सांग, आपल्या जागेत चिटपाखरू फिरकत नाही. तिथे काय आरशासमोर भाषण करायचंय? हे बघ, हे नवीन प्लॅटफॉर्म आहे. लोक आधीच येऊन बसलेत. लिहिलं की लगेच सगळ्यांच्या फोनवर. आवडलं की बदाम येतो.”

“बदाम?”

“लोक बदाम दाबतात गं. म्हणजे आवडलं.”

“आणि न वाचता दाबला तर?”

“न वाचता कोण कशाला दाबेल?”

बाईंनी चष्मा पुसला. “बरं, मला एक सांगा. आत ठेवलेलं सामान परत मागितलं तर देतात का?”

“माझ्या जागेत देतात,” थोरली म्हणाली. “सगळं एका फाईलमध्ये बांधून बाहेर काढता येतं. महिन्या-दोन महिन्यांनी काढून ठेवायचं.”

“आई, एवढी मोठी कंपनी. ती काय रातोरात गाशा गुंडाळणार आहे?” धाकटा हसला. “तू ना, अजून खिडकीतच बसलीयेस.”

पुढे रंगांवरून झाले, अक्षरांच्या आकारावरून झाले, मोबाइलवर कोणते चांगले दिसते यावरून झाले. माझ्या पडद्यावर दोन्ही जागा शेजारी शेजारी उघडल्या होत्या आणि मधून मधून त्या वादाला वडिलांच्या आजारपणाचा वास यायचा. ‘कायम स्वतःचंच खरं करायचं’, ‘कायम उशीर करायचा’, असली वाक्ये ब्लॉगबद्दल कुणी बोलत नाही. बाईंच्या ते ध्यानात आले होते. त्या कुणाचीच बाजू घेईनात. शेवटी म्हणाल्या, “दोन्हीकडे काढा. मी दोन्हीकडे लिहीन.”

दोघांनाही आपण जिंकलो असे वाटले. दोन्ही जागा त्याच दुपारी तयार झाल्या. थोरलीच्या जागेला बाई थोरले दार म्हणू लागल्या, धाकट्याच्या जागेला धाकटे दार. एकच लेख दोन्हीकडे चिकटवणार, असेच सगळे समजले. मीही तेच समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी थर्मास भरून बाई बसल्या. एका एका बोटाने टाइप करत त्यांनी पहिली गोष्ट लिहिली. लहान मुलाचा डाव्या पायाचा एक बूट, आत दुमडून ठेवलेला रुमाल, म्हणजे मुलाला बूट मोठा होत होता. कुठल्या बसमध्ये सापडला, चिठ्ठीवर काय लिहिले. तेवढे थोरल्या दारात लिहून त्यांनी खाली ओळ घातली: ‘पुढचे धाकट्या दारी.’ मग दुसरी खिडकी उघडून वर लिहिले, ‘आधीचे थोरल्या दारी’, आणि त्या बुटासाठी कोण आले, अनवाणी कोण आले, ते सगळे तिथे लिहिले. गोष्ट त्यांनी मधोमध फाडली होती. हाताने.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. बाईंनी फोन माझ्या शेजारीच ठेवला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“आई, अर्धंच का टाकलंस?”

“बाकीचं त्याच्याकडे आहे. विचार त्याला.”

 “मग राहू दे,” म्हणून थोरलीने फोन ठेवला.

शेजारच्या वहिनी चहाला येत. त्या एकदा म्हणाल्या, “अहो, एकीकडेच सगळं लिहा की. नाहीतर निदान त्याची लिंक तरी द्या खाली. वाचणाऱ्याला कळेल तरी.”

“लिंक दिली की बोट दाबून जातील,” बाई म्हणाल्या. “मग ते बोलतील कशाला?”

मित्रांनो, बाईंना वाचक नको होते. नाव नको होते. थोरलीने एकदा धाकट्याला फोन करून ‘पुढे काय झालं रे?’ एवढे विचारावे, नाहीतर धाकट्याने ‘ताई, सुरुवात काय होती?’ असे विचारावे, यासाठी सगळा खटाटोप होता. आपण गेल्यावर या दोघांमध्ये निरोप सांगायलाही कुणी उरणार नाही, ही धास्ती त्यांना होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. मला कळली, कारण लेख टाकून झाला की त्या मला बंद न करता तशाच फोनकडे बघत बसायच्या.

त्या दोन-तीन वर्षांइतके काम मी कचेरीतही केले नाही. बाई रोज मऊ फडक्याने माझा पडदा पुसत. कुणी आले की, “हा माझा कारकून,” अशी ओळख करून देत. गोष्टीमागून गोष्ट झाली. चष्म्याची, कवळीची, बासरीच्या रिकाम्या पेटीची, लग्नाच्या कपड्यांच्या गाठोड्याची. प्रत्येकीची सुरुवात थोरल्या दारी, शेवट धाकट्या दारी. बाहेरचे चार लोक वाचायचे, त्यांची तारांबळ उडायची. इकडचे म्हणायचे, बाई अर्धवट सोडतात; तिकडचे म्हणायचे, बाई मध्येच सुरू करतात. बाई नुसत्या हसायच्या.

थोरली प्रत्येक अर्धे मन लावून वाचायची. हिशेबवालीच ती, खाली अभिप्राय लिहायची: ‘छान. पण शेवट नाही.’ ते वाचून बाईंना उभारी यायची. “बघा वहिनी, आता राहवत नाहीये तिला. या आठवड्यात विचारते की नाही बघा.” आणि धाकट्याचा बदाम तर ठरलेला. लेख टाकला की चहाचा पहिला घोट संपायच्या आत लाल बदाम उमटायचा. बाई त्या बदामावर बोट टेकवून म्हणायच्या, “वाचलं राजाने.” इतक्या लवकर एवढे सगळे कसे वाचून होते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आईला नाहीच पडत.

त्याचा फोन आला की त्या आडून आडून विचारत, “ताईचा काही फोन?”

“तिचा कशाला येईल?”

“नाही, सहज.”

असे ‘सहज’ किती झाले, ते मोजायचे नाही असे मी ठरवले होते. बाई हळूहळू थकल्या. टेबलापर्यंत यायला भिंतीचा आधार लागू लागला. स्टिकरवरची अक्षरे पुसली, तशा त्या अंदाजाने कळा दाबू लागल्या. पण नेम मोडला नाही.

शेवटच्या दुपारी त्यांनी थर्मासची गोष्ट लिहिली. माझ्या शेजारी बसलेल्या त्या लाल चौकडीच्या थर्मासची. अर्धी थोरल्या दारी, अर्धी धाकट्या दारी, दोन्ही एकाच बैठकीत. लिहिताना त्या दोनदा थांबल्या. एकदा चष्मा पुसायला, आणि एकदा नुसत्याच. धाकट्याचा बदाम आला. बाईंनी त्यावर बोट टेकवले, माझे झाकण मिटले आणि उठताना त्या खाली पडल्या. आवाज ऐकून वहिनी धावत आल्या. दवाखान्याची गाडी आली. यावेळी दवाखाना की घर, असे कुणी विचारले नाही. बाई परत आल्या नाहीत.

मला कुणीतरी कपाटाच्या खालच्या खणात चादरींवर ठेवले. अंधारात पडल्या पडल्या मी वाट बघत होतो, कशाची ते सांगता येणार नाही. वापरातल्या वस्तूला बंद करून ठेवणे आणि संपलेल्या वस्तूला टाकून देणे, यांत आतून फारसा फरक नसतो. चादरींना बाईंच्या पावडरचा वास होता, मग तोही गेला.

बऱ्याच महिन्यांनी घर रिकामे करून द्यायची वेळ आली, तेव्हा दोघांना एकत्र यावे लागले. आता मध्ये बाई नव्हत्या. म्हणून ती दोघे भंगारवाल्याच्या मार्फत बोलू लागली. खणाच्या फटीतून मला सगळे ऐकू येत होते.

“यांना विचारा, हे स्टूल ठेवायचंय का.”

“त्यांना म्हणावं, मला काहीही नकोय.”

भंगारवाला बिचारा एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. “तुम्ही नवरा-बायको का?”

“भाऊ-बहीण,” दोघे एकदम म्हणाले.

“हां, मग बरोबर,” म्हणून तो पुन्हा डबे भरू लागला.

स्वयंपाकघरातून धाकट्याचा आवाज आला, “आईचा हा चहाचा थर्मास मुळात कुठला? लहानपणी तर आपल्याकडे नव्हता.”  पोत्यात काहीतरी टाकल्याचा आवाज झाला, काचेचा आणि पत्र्याचा. भंगारवाला पोती घेऊन जिना उतरला.

मग खण उघडला आणि मी उजेडात आलो. धाकट्याने मला जमिनीवर ठेवून वायर जोडली. चालला तर विकता येईल, एवढाच त्याचा विचार होता. मी जागा झालो, आणि माझ्यावर इतक्या दिवसांची पत्रे एकदम कोसळली. त्यांतली बरीचशी धाकट्या दाराच्या कंपनीची होती. पहिल्या पत्रात लिहिले होते, ‘आमची सेवा आम्ही बंद करत आहोत. आपले लिखाण मुदतीच्या आत उतरवून घ्यावे.’ मग ‘पुन्हा एकदा आठवण.’ मग ‘शेवटची आठवण.’ आणि सगळ्यांत वर, ‘आजवरच्या सोबतीबद्दल आभार.’

धाकटा बघतच राहिला. त्याने धाकटे दार ठोठावून पाहिले. पांढऱ्या पानावर एकच ओळ आली, की असे काही इथे नाही. बाईंनी लिहिलेले माझ्या पोटात तरी सापडेल म्हणून त्याने माझे सगळे कप्पे उपसले. पण बाई थेट तिथल्या चौकटीत लिहायच्या, माझ्याकडे कधी काही ठेवले नव्हते. मी त्या अक्षरांचा फक्त रस्ता होतो.

थोरली मागे येऊन उभी राहिली होती. तिने काही न बोलता खाली बसून थोरले दार उघडले. ते शाबूत होते, भाडे तिने चुकू दिले नव्हते. सगळ्यांत वर बाईंचा शेवटचा लेख होता. आई पडली त्या दुपारचा, म्हणून तिने तो कधी उघडला नव्हता. ती मोठ्याने वाचू लागली. स्वतःसाठीच वाचत असावी.

“‘लाल चौकडीचा थर्मास. बुडाशी पोचा. बूच हरवलेले, त्या जागी लाकडाचा तुकडा, त्याला निळे फडके गुंडाळलेले. लांब पल्ल्याच्या बसमध्ये सापडला. सकाळी एक बाई आली. म्हणाली, माझ्या वडिलांचा आहे, ते आता नाहीत, त्यांचं सामान आणताना राहिला. खुणा सगळ्या बरोबर. मी चिठ्ठी शोधतेय तोवर तिची बस लागली, उद्या येते म्हणाली. दुपारी एक माणूस आला. म्हणाला, माझ्या वडिलांचा आहे, ते आता नाहीत. त्यानेही खुणा बरोबर सांगितल्या, निळ्या फडक्यासकट. पुढचे धाकट्या दारी.’”

ती थांबली. आणि मग इतक्या वर्षांनी, कुणालाही मध्ये न घालता, तिने मान वळवली.

“पुढे काय झालं रे?”

मित्रांनो, बाईंनी ज्या एका वाक्यासाठी बोटे झिजवली, ते हे वाक्य. ते ऐकायला त्या असायला हव्या होत्या. माझा पडदा उजळलेला होता, पण मला वाटले की आत सगळे विझले आहे.

धाकटा माझी वायर उगाच चाचपू लागला.

“तू वाचलंयस ना? सगळ्यांवर बदाम असायचे तुझे, आई सांगायची मला. सांग की. कुणाला मिळाला?”

“ताई,” तो म्हणाला, “मी वाचलं नाही.”

“हे वाचलं नाहीस?”

“काहीच वाचलं नाही गं. फोन वाजला की बदाम दाबायचो. आईला बरं वाटेल म्हणून. म्हटलं, सवडीने वाचू सगळं एकदम. कुठे जातंय?”

थोरली रागावेल असे मला वाटले. तिला तो हक्क होता. पण ती पडद्यावरच्या त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, “मी तरी कुठे विचारलं तुला.”

 मग धाकट्याने तो लेख स्वतःकडे ओढला आणि हळूहळू पुन्हा वाचला. बुडाशी पोचा, निळे फडके. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. तिनेही पाहिले. तो उठला आणि जिना धडाधडा उतरला, ती खिडकीतून ओरडली, “डावीकडे बघ, डावीकडे!” आणि मग तीही चपला न घालता खाली गेली. दार उघडेच होते. मी वायरवर एकटा जळत बसलो.

परत आली तेव्हा दोघांचे हात रिकामे होते. हातगाडी निघून गेली होती. भंगाराच्या गल्लीपर्यंत जाऊन आली; तिथे पोती रिकामी झाली होती, आणि काच एकीकडे, पत्रा एकीकडे गेला होता. ती दोघे भिंतीला टेकून जमिनीवर बसली. थोरलीने मला मांडीवर घेतले आणि पहिल्यापासून एकेक अर्धी गोष्ट त्याला वाचून दाखवली. बूट, चष्मा, कवळी. कवळीला तो हसला आणि लगेच गप्प झाला. दर गोष्टीच्या शेवटी ती थांबायची, आणि त्याच्याकडे सांगायला काही नसायचे. पुढे धाकट्याने त्या कंपनीला पत्रे पाठवली, बाहेरच्या चार वाचकांना शोधून विचारले. कुणीही काही जपून ठेवलेले नव्हते.

सध्या मी थोरलीच्या घरी कपाटावर असतो. अधूनमधून धाकटा येतो. आता ती दोघे सरळ एकमेकांशी बोलतात, पण फार वेळ नाही. कुठल्याही विषयाचा शेवट त्या पांढऱ्या पानापाशी येतो आणि मग तो चहाचा कप ठेवून उठतो. मला सगळे शेवट ठाऊक आहेत. एकेक अक्षर माझ्याच कळांवरून गेले आहे. पण मला तोंड नाही, आणि माझ्या पोटात जे नाही ते त्यांना कोण देणार?

मित्रांनो, तुम्हीही उद्या ब्लॉग काढाल. जागा कोणती घ्यायची यावरून डोके फोडाल. फुकटची घ्या, भाड्याची घ्या, रंगीत घ्या, साधी घ्या. लिहिलेल्याची एक प्रत मात्र आपल्या घरात ठेवा, माझ्यासारख्या एखाद्या म्हाताऱ्याच्या पोटात ठेवली तरी चालेल. आणि तुमच्या माणसाने तुमच्यासाठी काही लिहिले असेल, तर बदाम दाबू नका. वाचा. पुढे काय झाले ते विचारा. विचारायला माणूस असेपर्यंत विचारा.

थर्मासचे पुढे काय झाले, ते तुम्हाला तरी सांगतो. धाकट्या दारी बाईंनी लिहिले होते ते असे:

‘आधीचे थोरल्या दारी. एका वस्तूला दोन मालक आले, तर दोघांनी मिळून यायचे आणि दोघांनी सही करायची, असा नियम होता. मी दोघांनाही तसे सांगितले. बहीण आली की विचारायची, तो आला होता का? भाऊ आला की विचारायचा, ती आली होती का? दोघेही समोरच्या बाकावर थोडा वेळ बसत आणि उठून जात. एका दिवशी कधी आले नाहीत. मुदत संपली. थर्मास विक्रीत निघाला, तो मी घेतला. अजून माझ्या टेबलावर आहे. मुलांनो, दोघे मिळून या. लगेच देते. चहा अजून गरम राहतो.’